एकही विमान न पाडलेली गन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर बोफोर्सच्या ४० मिलिमीटर गनवर लोडर होते. गावी परतल्यावर कुणी विचारलं की ते एवढंच म्हणायचे, 'आम्ही एकसुद्धा विमान पाडलं नाही.' तुम्ही वाचलेले आकडेही तसेच आहेत. गोळे ढिगाने उडायचे आणि विमानं मोजकीच पडायची. मग या हलक्या विमानविरोधी तोफांचा खरा उपयोग काय होता?

मी सैन्याच्या याच विमानविरोधी तोफांच्या शाखेत नोकरी केली. देवळालीला शिकलो, पुढे तिथेच शिकवलं. एल-६० वर, म्हणजे आजोबांच्या त्याच बोफोर्सवर, हात बसला आणि तिच्या पुढच्या एल-७० वर नोकरी संपली. तुमचा प्रश्न मला जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारायचं. उत्तर मी एका जुन्या हिशेबापासून सुरू करायचो, तिथूनच आताही करतो.

युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत ब्रिटिशांनी व्यापारी जहाजांवर विमानविरोधी तोफा बसवल्या. तोफा कमी होत्या, त्या चालवायला माणसं लागत होती आणि बाकीच्या आघाड्याही तोफांसाठी ओरडत होत्या. तेव्हा भूमध्य समुद्रातल्या जहाजांचा हिशेब मांडला गेला. हल्ला करणाऱ्या विमानांपैकी जहाजावरच्या तोफांनी पाडली जेमतेम चार टक्के. म्हणजे तुमच्या आजोबांचंच म्हणणं. तोफा काढून दुसरीकडे द्याव्यात अशी चर्चाही झाली. मग कुणीतरी प्रश्न उलटा विचारला: जहाजांचं काय झालं? ज्या जहाजांनी तोफा चालवल्या त्यांच्यावर टाकलेल्या बॉम्बपैकी आठ टक्के लागले, ज्यांनी चालवल्या नाहीत त्यांच्यावरचे तेरा टक्के. आणि हल्ला झालेल्या जहाजांपैकी बुडाली किती? तोफा चालवणारी दहा टक्के, न चालवणारी पंचवीस टक्के.

हा आकडा मी फळ्यावर लिहून तसाच ठेवायचो. तोफ तीच, गोळेही तेच, पण मोजायचं काय हे बदललं की उत्तर बदलतं. जहाज बुडू नये म्हणून ती तोफ तिथे होती, आणि ते काम ती करत होती.

आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन पोर उभं करतात. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला कुणी विचारत नाही की किती पाखरं मारलीस. कणसं राहिली का, एवढंच बघतात. बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकाला शेवटची काही सेकंदं सरळ, एका उंचीवर, एका वेगाने यावं लागतं, नाहीतर त्याचा नेम लागत नाही. नेमक्या त्याच सेकंदांत समोरून ट्रेसरचे, म्हणजे जळत दिसत जाणाऱ्या गोळ्यांचे, लाल ठिपके येऊ लागले की हात हलतो. तो थोडा आधी बॉम्ब सोडतो, थोडा वरून सोडतो, किंवा वळतो. पूल, धावपट्टी, दारूगोळ्याचा डेपो यांच्यासाठी बॉम्ब शंभर मीटर बाजूला पडणं म्हणजे वाचणंच.

आता विमानं कमी का पडायची तेही सांगतो, कारण त्यात गनरची अक्कल कमी होती असा समज होऊ नये. हिशेब करून बघा. विमान ताशी ४०० किलोमीटरने चाललंय, म्हणजे सेकंदाला १११ मीटर. ते तुमच्यापासून दीड किलोमीटरवर आडवं जातंय. बोफोर्सचा गोळा नळीतून सेकंदाला साधारण ८५० मीटरने सुटतो, पण हवेत त्याचा वेग मरतो, आणि दीड किलोमीटर जायला त्याला दोन सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात विमान अडीचशे मीटर पुढे गेलेलं असतं. त्या काळचं जपानी लढाऊ विमान लांबीला सुमारे नऊ मीटर. म्हणजे गनरने नाकाच्या पुढे सत्तावीस विमानं मावतील इतक्या रिकाम्या आभाळात नेम धरायचा. डोळ्याला विमान दिसतंय आणि हाताला विमान सोडून भलतीकडे फायर करायला सांगायचं. माणसाचं मन याला सहजासहजी तयार होत नाही. म्हणून हुकलेले बहुतेक गोळे विमानाच्या मागून जातात. जगातल्या सगळ्या गनरांची ही एकच खोड.

त्यात ४० मिलिमीटरचा गोळा आपटून फुटणारा. जड तोफांच्या, म्हणजे ३.७ इंची वगैरेंच्या गोळ्यात वेळ लावलेला फ्यूज असायचा, तो विमानाजवळ फुटला तरी तुकडे लागायचे. आपला गोळा विमानाला प्रत्यक्ष शिवला तरच फुटणार. गन मिनिटाला १२० या वेगाने चालली तरी दोन गोळ्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं, आणि अर्ध्या सेकंदात ते विमान पंचावन्न मीटर सरकतं. एवढ्या फटीतून नऊ मीटरचं विमान आरामात निघून जाऊ शकतं. म्हणून एक गन कधी लावत नाहीत, ट्रूप, म्हणजे काही गनचा गट लावतात, वेगवेगळ्या बाजूंनी, म्हणजे एकीच्या फटीत दुसरीचा गोळा येतो. (न लागलेले गोळे आपल्याच माणसांवर पडू नयेत म्हणून ट्रेसर जळून संपला की ते हवेतच फुटण्याची सोय होती. हे बारीक काम आहे, पण गनखाली राहणाऱ्या गावासाठी महत्त्वाचं.)

ट्रेसर दिसतो, मग दुरुस्ती का करता येत नाही, असं प्रत्येक जण विचारतो. मी पहिल्यांदा विमानामागून ओढलेल्या स्लीव्हवर, म्हणजे सरावाच्या कापडी टार्गेटवर, फायर केलं तेव्हा मला स्पष्ट दिसलं की माझे ट्रेसर स्लीव्हच्या पुढून जाताहेत. मी लीड, म्हणजे टार्गेटच्या पुढे धरलेला नेम, कमी केली. उस्तादांनी फायर थांबवून विचारलं, 'गोळा स्लीव्हजवळ पोचला तेव्हा कुठे होता, की वाटेत असताना कुठे होता?' मी वाटेतलाच ट्रेसर बघत होतो. गोळा अर्ध्या अंतरावर असताना तो पुढे दिसतो, आणि स्लीव्हच्या अंतरावर पोचेपर्यंत स्लीव्ह त्याला ओलांडून गेलेली असते. एका डोळ्याच्या रेषेत खोली कळत नाही. नजर टार्गेटवर ठेवायची आणि ट्रेसर तिथून जाताना वरून गेला, खालून गेला की मागून, एवढंच बघायचं. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, अंगात मुरायला महिने.

यावर यंत्रं काढली गेली. ब्रिटनमध्ये कर्नल केरिसन यांनी बनवलेला प्रेडिक्टर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दुर्बिणीतून विमानाचा माग ठेवायचा, आत गिअर आणि चाकं पुढची जागा काढणार, आणि केबलमधून आज्ञा जाऊन गन आपोआप फिरणार. विमान सरळ आडवं जात असेल तर उत्तम. पण त्याला जनरेटर हवा, केबल हवी, मांडायला वेळ हवा. पुढे सरकणाऱ्या सैन्यासोबत, चिखलात, अचानक झाडांवरून येणाऱ्या विमानावर ते जमायचं नाही. म्हणून १९४३ च्या सुमारास गनवरच बसणारी साधी सोय आली. इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या स्टिफकी गावच्या रेंजवर ती तयार झाली, म्हणून तिचं नाव स्टिफकी स्टिक. एक जण बाणासारखी दांडी विमानाच्या रोखाशी समांतर धरतो, त्यासरशी दोन्ही लेयरांच्या, म्हणजे गन आडवी आणि उभी फिरवून नेम धरणाऱ्यांच्या, साइट सरकतात, आणि लेयरनी फक्त विमान मध्ये ठेवायचं. माझ्या मते त्या युद्धातली ही अतिशय हुशार वस्तू होती, कारण ती दमलेल्या, घाबरलेल्या माणसालाही वापरता यायची.

गनविषयी थोडं. स्वीडनच्या नौदलाने १९२८ मध्ये बोफोर्सला काम दिलं, त्यातून ही तयार झाली. ब्रिटनने १९३७ मध्ये घेतली, अमेरिकेने महायुद्धात, आणि तिथे ती क्रायस्लरच्या मोटार कारखान्यात निघू लागली. मूळ स्वीडिश पद्धतीत बरेच भाग जुळवताना कानशीने घासून बसवावे लागत. अमेरिकनांनी आराखडे नव्याने काढून कुठलाही भाग कुठल्याही गनला बसेल असं केलं. लढाईच्या मैदानात सुटा भाग बदलणाऱ्याला यातलं सुख कळेल. वजन सुमारे दोन टन, चार चाकं, वेळ पडली तर चाकांवर उभी असतानाच फायर.

आणि लोडर. आजोबांच्या कामाला कमी समजू नका. चार राउंडची क्लिप, वजन साधारण नऊ किलो. सेकंदाला दोन राउंड म्हटले तर दर दोन सेकंदांना एक क्लिप वरून आत सोडायची. पायाखालचा प्लॅटफॉर्म गनबरोबर फिरतोय, नळी वरखाली होतेय, कानाशी धमाके, पायाशी गरम रिकामी काडतुसं. क्लिपला क्लिप लागली नाही की फायर तुटतो, आणि विमान टप्प्यात असतं दहा-पंधरा सेकंदं. लेयर कितीही चांगला असो, लोडर अडखळला तर गन मुकी. नंबर वन, म्हणजे गनचा प्रमुख, आपला सर्वांत धीराचा माणूस तिथे ठेवायचा, हे मी पुढेही पाहिलं.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्धचं उदाहरण देतो, कारण ते लपवणं बरोबर नाही. वैमानिक बिचकतो म्हणून ही तोफ काम करते. मग जो बिचकणारच नाही त्याचं काय? ऑक्टोबर १९४४ पासून फिलिपाइन्सच्या समुद्रात, आणि पुढच्या वर्षी ओकिनावाला, जपानी वैमानिक विमानासकट जहाजावर आदळू लागले. तिथे नेम बिघडवून भागत नव्हतं, विमान हवेतच मोडावं लागत होतं. जहाजांवरच्या २० मिलिमीटर ओर्लिकॉनचा गोळा लागला तरी विमान त्याच रोखाने येत राहायचं, आणि ती गन परिणामकारक होईपर्यंत ते फार जवळ आलेलं असायचं. ४० मिलिमीटर बरी ठरली, पण तीसुद्धा पुरेशी नव्हती. विमानाजवळून जाताच फुटणारा रेडिओ फ्यूज तेव्हा ४० मिलिमीटरच्या गोळ्यात मावत नव्हता, तो मावेल अशी सर्वांत लहान तोफ तीन इंची. म्हणून अमेरिकन नौदल युद्धानंतर तिकडे वळलं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. सिसिलीवर उतरल्यानंतर ११ जुलै १९४३ च्या रात्री अमेरिकन छत्रीधारी सैनिकांना घेऊन १४४ डाकोटा, म्हणजे वाहतुकीची विमानं, जेला भागावरून येत होती. खाली जहाजांवर आणि किनाऱ्यावर त्यांचेच गनर होते, दिवसभर जर्मन विमानांचा मार खाऊन ताणलेले. एका गनने सुरुवात केली आणि मग सगळ्यांनी. २३ विमानं पडली, आत त्यांचीच पोरं. ओळख पटल्याशिवाय फायरच्या पेडलवर पाय नाही, हे वाक्य आम्हाला पाठ करून घेतलं जायचं ते अशा रात्रींमुळे. वर्गात भिंतीवर विमानांच्या काळ्या आकृत्या लावलेल्या असत, समोरून, बाजूने, खालून. अर्ध्या सेकंदात नाव सांगायचं. मी परीक्षा घेताना यात कुणालाच सवलत दिली नाही. लीड चुकली तर शत्रूचं एक विमान निसटतं, पण ओळख चुकली तर आपलीच माणसं जातात आणि त्या गनरला ते आयुष्यभर पुरतं.

हलक्या तोफांनी अख्खी लढाई फिरवल्याचं उदाहरण हवं असेल तर व्हिएतनाममधलं १९५४ चं दिएन बिएन फू वाचा. डोंगरांनी वेढलेलं खोरं, मध्ये फ्रेंचांची छावणी आणि एक धावपट्टी. रस्ता नाही, सगळं हवेतून येणार. फ्रेंचांशी लढणाऱ्या व्हिएतनामी व्हिएत मिन्हकडे लढाऊ विमानं नव्हतीच. त्यांचे सेनापती जनरल झाप यांनी तोफखाना आणि सोव्हिएत बनावटीच्या ३७ मिलिमीटर विमानविरोधी गन डोंगरांवर चढवल्या. ही ३७ मिलिमीटर बोफोर्सच्याच घराण्यातली. चढ-उतारावर दोर लावून माणसांनी त्या ओढल्या. १ फेब्रुवारीला अशी एक गन उतारावर सुटली तेव्हा तो विन ज्येन नावाच्या गनरने तिला थांबवायला स्वतःला चाकाखाली झोकलं. तो गेला, गन थांबली. व्हिएतनाममध्ये त्याचं नाव आजही घेतात.

१३ मार्चला हल्ला सुरू झाला. तोफखान्याने धावपट्टी फोडली आणि विमानविरोधी गननी तिच्यावर येण्याची वाट. २८ मार्चला जखमींना न्यायला उतरलेलं डाकोटा परत उडालंच नाही, त्यातली परिचारिका जनव्येव द गालार छावणीतच अडकली. त्यानंतर उतरणं बंद, फक्त छत्र्यांनी टाकणं. आणि इथे लक्ष द्या: ३७ मिलिमीटरने सगळी मालवाहू विमानं पाडली नाहीत, तशी गरजही नव्हती. आगीमुळे विमानांना उंच जावं लागलं. उंचावरून टाकलेली छत्री वाऱ्याने वाहते, आणि फ्रेंचांचा घेर रोज लहान होत होता. दारूगोळ्याच्या पेट्या शत्रूच्या खंदकात पडू लागल्या. ७ मे रोजी छावणी पडली.

आता याच्या शेजारी १९४४ चं इंफाळ ठेवा. तेही डोंगरांतलं खोरं, तीही वेढलेली सेना, मार्चपासून २२ जूनला कोहिमाचा रस्ता उघडेपर्यंत डाकोटांवर जगलेली. फरक हा की जपान्यांना ती विमानं रोखता आली नाहीत. भोवतालच्या डोंगरांवर त्यांच्याकडे दिएन बिएन फूसारखी विमानविरोधी गनची फळी नव्हती, आणि आकाशात आपल्या बाजूची लढाऊ विमानं वरचढ होती. धावपट्ट्यांच्या कडेला मात्र आपल्या गन उभ्या होत्या. दोन्ही खोऱ्यांचे नकाशे मी अधिकाऱ्यांच्या वर्गात एकत्र लावायचो, बाकी फार बोलावं लागायचं नाही.

१९६५ चं एक वाक्यात सांगून चालणार नाही, पण थोडक्यात सांगतो. तेव्हा आपल्याकडे मुख्यतः एल-६० च होती, आणि समोर पाकिस्तानची सेबर जेट. वर केलेला हिशेब दुप्पट वेगाने करून बघा, जुन्या गनची अडचण लगेच कळेल. तरीही अमृतसरच्या रडारवर वारंवार हल्ले झाले तेव्हा या गननी ते राखलं. ११ सप्टेंबरला तिथेच एक सेबर पाडलं गेलं, त्याचे वैमानिक स्क्वाड्रन लीडर मुनीर अहमद त्यात गेले.  पुढे एल-७० आली, गोळा सेकंदाला हजार मीटरहून वेगवान, फायरचा वेग दुप्पट, आणि सोबत सुपर फ्लेडरमाउस रडार. लीडचं गणित मग माणसाच्या डोक्यातून यंत्रात गेलं.

तर आजोबांकडे येऊ. बर्मात भारतीय हलक्या विमानविरोधी रेजिमेंटा होत्या, आणि १९४४ च्या उत्तरार्धापासून त्यांच्यासमोर जपानी विमानं फारशी येतच नव्हती. एकही न पाडण्याचं पहिलं कारण हे. येतील म्हणून धावपट्टी, पूल, नदीचे उतार इथे दिवसरात्र उभं राहणं हेच काम होतं. कित्येक गनर तर जमिनीवरच्या बंकरांवर बोफोर्स चालवत, सरळ रोखाने मारा करायला ती फार अचूक. आजोबांनी त्याविषयी काही सांगितलं होतं का, घरात मोठ्यांना विचारा. 'विमान पाडलं नाही' म्हणणारा माणूस बंकरांबद्दल काही बोललाच नसेल, असंही असू शकतं.

त्यांचं डिस्चार्ज बुक ट्रंकेत असेल तर त्यावर रेजिमेंटचं आणि बॅटरीचं नाव, नंबर आणि ट्रेड लिहिलेला असतो. तो नंबर घेऊन नाशिकरोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सला पत्र लिहा. रेजिमेंट कळली की ती कुठल्या तारखेला कुठल्या धावपट्टीवर होती हे शोधता येतं, आणि त्या महिन्यांत तिथे किती डाकोटा उतरली हेही. पुस्तकाचा फोटो मला पाठवलात तर त्यातली आद्याक्षरं मी उलगडून देईन, जुन्या कारकुनांची लिपी मला अजून वाचता येते.